सॉ फिल्टर आणि स्फटिकाच्या पाठीवरून धावणारी लाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी आठ-दहा जण इलेक्ट्रॉनिक्स शिकायला येतात. पॉलिटेक्निकची मुलं आहेत, अकरावी-बारावीची आहेत, आणि जेल रोडवर मोबाईल दुरुस्त करणारे दोघं आहेत. एका रविवारी जुन्या रंगीत टीव्हीच्या बोर्डावरचा पाच पायांचा पत्र्याचा डबा आम्ही कानशीने घासून उघडला आणि आतला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तो डबा म्हणजे सॉ फिल्टर, हव्या त्या वारंवारता सोडून बाकीच्या अडवणारा. तेव्हापासून ‘सॉ’बद्दल प्रश्न येतायत ते थांबलेच नाहीत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागला तिथे क्रमांक दिला आहे.

१. ताई, सॉ म्हणजे नेमकं काय?

सरफेस अकूस्टिक वेव्ह या तीन शब्दांची आद्याक्षरं. मराठीत पृष्ठध्वनिलहर म्हणता येईल. घन पदार्थाच्या आतून न जाता फक्त त्याच्या पाठीवरून सरकत जाणारी ही लाट आहे. लॉर्ड रॅले यांनी १८८५ साली तिचं गणित मांडलं आणि भूकंपात या लाटांचा मोठा वाटा असावा, असंही त्याच लेखात सुचवलं. ते खरं निघालं. भूकंपात जमीन हेलकावे खाते ती लाट आणि टीव्हीच्या डब्यातली लाट एकाच कुळातली आहे. फरक आकाराचा आहे. एकीची लांबी किलोमीटरमध्ये मोजतात, दुसरीची मायक्रॉनमध्ये.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ही लाट साधारण एका तरंगलांबीइतक्या खोलीपर्यंतच जाणवते, त्याखाली स्फटिक शांत असतो. म्हणून वर काही ठेवलं, चिकटवलं किंवा कोरलं की लाटेला ते लगेच कळतं. दुसरी, पृष्ठभागावरचा प्रत्येक कण लंबवर्तुळात फिरतो, पण पाण्याच्या उलट. पाण्याच्या लाटेच्या माथ्यावरचा कण लाटेच्या दिशेने पुढे जातो, इथे तो मागे येतो.

वेग? क्वार्ट्झच्या नेहमीच्या कापावर सेकंदाला ३१५८ मीटर. त्या वेगाने इंदूरहून उज्जैन साधारण १७ सेकंदांत गाठता येईल.

२. पण स्फटिकावर लाट उठवायची कशी? त्याला कोणी ठोकतं का?

वीज ठोकते. घरातला गॅसचा लायटर आठवा. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी एका सिरॅमिकच्या कांडीवर आपटते आणि ठिणगी पडते. दाबातून वीज, म्हणून दाबविद्युत. झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी हा गुण १८८० साली क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला. याची उलट बाजूही खरी असणार, म्हणजे वीज दिली की स्फटिक किंचित आकसेल किंवा ताणला जाईल, असं लिपमान यांनी १८८१ मध्ये गणिताने सांगितलं आणि क्यूरी बंधूंनी लगेच प्रयोगाने ताडून पाहिलं.

सॉ साधनात ही उलट बाजू एका टोकाला वापरतात आणि सरळ बाजू दुसऱ्या टोकाला. इकडे विजेने स्फटिक हलवायचा, तिकडे हललेल्या स्फटिकातून वीज परत घ्यायची.

३. स्फटिकावरच्या त्या धातूच्या बोटांचं काम काय?

दोन फण्या घ्या आणि एकीचे दात दुसरीच्या दातांमध्ये सरकवा, पण दात एकमेकांना चिकटू देऊ नका. आकृती तीच. एका फणीला धन, दुसरीला ऋण टोक जोडलं की शेजारच्या प्रत्येक दोन बोटांच्या मधे विजेचं क्षेत्र तयार होतं आणि तिथला पृष्ठभाग ओढला जातो. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात व्हाइट आणि व्होल्टमर यांनी १९६५ साली ही रचना थेट दाबविद्युत स्फटिकावर बसवून दाखवली, आणि मग या विषयाने वेग घेतला.

गंमत अंतरात आहे. झोक्याला योग्य क्षणी हात लावला की झोका चढतो, चुकीच्या क्षणी लावला की थांबतो. पहिल्या बोटांच्या जोडीने उठवलेली लाट दुसऱ्या जोडीखाली पोचते त्याच क्षणी दुसऱ्या जोडीचा धक्का बसला, तर लाट वाढते. हे जुळतं तेव्हाच, जेव्हा एकाच फणीच्या शेजारच्या दोन बोटांमधलं अंतर बरोबर एक तरंगलांबी असतं. म्हणून वारंवारता म्हणजे लाटेचा वेग भागिले हे अंतर. नेहमीच्या आखणीत बोट पाव तरंगलांबी रुंद आणि मधली फटही तेवढीच. पुढच्या उत्तरांत नुसतं ‘फणी’ म्हटलं की बहुधा अशी गुंतलेली जोडी समजा.

गाडीच्या रिमोटमध्ये ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ असते. क्वार्ट्झवर तिची तरंगलांबी ७.३ मायक्रॉन भरते, म्हणजे बोट सुमारे १.८ मायक्रॉन रुंद. टीव्हीच्या ३८.९ मेगाहर्ट्‌झला लिथियम नायोबेट या दुसऱ्या दाबविद्युत स्फटिकावर तेच बोट २५ मायक्रॉनच्या आसपास येतं, म्हणून ते साध्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतं. वारंवारता ठरवणारं कॉइल नाही, कपॅसिटर नाही. दोन रेघांमधलं अंतर ती ठरवतं.

४. विजेचा आवाज करायचा आणि आवाजाची पुन्हा वीज. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण पहिल्यांदा शिकताना मलाही हाच पडला होता.

४३३.९२ मेगाहर्ट्‌झची रेडिओलहर हवेत ६९ सेंटिमीटर लांब असते. तीच वारंवारता क्वार्ट्झच्या पाठीवर ७.३ मायक्रॉनमध्ये मावते. जवळजवळ लाखपट आटणी. एखाद्या लाटेचं गुणवैशिष्ट्य ओळखायचं तर तिच्या बऱ्याच तरंगलांब्या एकदम हाताशी लागतात. रेडिओलहरीच्या शंभर तरंगलांब्यांना ६९ मीटर जागा लागेल. इथे तांदळाच्या दाण्याच्या लांबीत त्या कित्येक वेळा बसतात.

दुसरा फायदा वेळेचा. स्फटिकावर एक सेंटिमीटर जायला लाटेला सुमारे ३ मायक्रोसेकंद लागतात. तेवढा उशीर तारेने करायचा तर शेकडो मीटर तार गुंडाळावी लागेल. रडारमध्ये लांब पल्ल्याचा स्पंद आकसून अणकुचीदार करण्यासाठी अशा उशीर लावणाऱ्या सॉ पट्ट्या वापरल्या गेल्या.

५. डबा फोडला तर आत काय दिसतं? फोटोत नीट कळत नाही.

पत्र्याची कड कानशीने घासत गेलं की टोपण सुटतं. आत एक पारदर्शक, किंचित पिवळसर झाक असलेला लांबुळका तुकडा खाली चिकटवलेला असतो आणि केसाहून बारीक तारा त्याला पायांशी जोडतात. तुकडा उजेडात तिरका केला की त्यावरचे दोन करडे चौकोन अंधुक सप्तरंगी चमकतात. सीडीच्या पाठीसारखंच, कारण इथेही सारख्या अंतराच्या रेघा आहेत.

दहापट भिंगाखाली ते चौकोन चौकोन राहत नाहीत. डाव्या फणीची बोटं सगळी सारखी लांब असतात. उजवीकडे मात्र मधोमध बोटं एकमेकांत खोलवर गेलेली, दोन्ही बाजूंना गुंतणं कमी कमी होत गेलेलं, मग पुन्हा थोडंसं फुगलेलं, पुन्हा आवळलेलं. लांबून पाहिलं तर मधे मोठा मासा आणि दोन्हीकडे छोटे मासे, एका रांगेत. तुकड्याच्या दोन्ही टोकांना डिंकासारखा मऊ लेप फासलेला असतो. तो घाईत सांडलेला गोंद नाही. टोकापर्यंत गेलेली लाट तिथून परत येऊ नये म्हणून ती शोषून घ्यायला तो मुद्दाम लावतात. तुकड्याची टोकं तिरकी कापलेली असतात तीही त्याचसाठी.

माशांचा अर्थ पुढच्या प्रश्नात.

६. बोटांचं गुंतणं कुठे कमी, कुठे जास्त का ठेवतात?

इथेच सगळी विद्या आहे, म्हणून सावकाश वाचा.

फणीला क्षणभराचा एकच झटका द्या. बोटांची प्रत्येक जोडी आपापली छोटी लाट सोडेल. जिथे बोटं जास्त लांबीपर्यंत समोरासमोर आहेत तिथली लाट जोरदार, जिथे जेमतेम टोकं भिडली आहेत तिथली क्षीण. या सगळ्या लाटा एकामागून एक दुसऱ्या टोकाला पोचतात. तिथे वेळेनुसार जो आलेख मिळतो तो बोटांच्या आकृतीची नक्कल असतो. जवळची जोडी आधी पोचते, लांबची नंतर, इतकंच.

आता गणिताचा एक जुना नियम जोडा. झटक्याला मिळणारं उत्तर माहीत असलं की फूर्ये रूपांतराने फिल्टर कुठली वारंवारता सोडेल आणि कुठली अडवेल ते पूर्ण ठरतं. उलट दिशेनेही जाता येतं. मला अमुक ते तमुक वारंवारता सपाट हवी आणि बाहेर काहीच नको, असं ठरवलं की झटक्याचं उत्तर कसं असायला हवं ते निघतं. सपाट पट्ट्याचं उत्तर मधे मोठा फुगवटा आणि बाजूंना लहान होत जाणारे फुगवटे असं येतं. मासे तेच! फिल्टरचं वागणं कागदावर काढायचं आणि जसंच्या तसं धातूत छापायचं. बाजूच्या फुगवट्यांत अधिक-उणे चिन्ह उलटं व्हावं लागतं, तर तिथे बोटं विरुद्ध फणीला जोडायची. झालं.

सगळी बोटं सारखीच ठेवली तर? तेव्हा मुख्य पट्ट्याच्या बाहेर गळती राहते. अशा साध्या फणीचा अंदाज मात्र तोंडी करता येतो. जोड्या २० असतील तर पट्ट्याची रुंदी मध्य वारंवारतेच्या साधारण एक-विसांश, म्हणजे ५ टक्के. जोड्या वाढवा, पट्टा अरुंद होतो.

आपल्याकडच्या जुन्या टीव्हीत चित्राचा वाहक ३८.९ आणि आवाजाचा ३३.४ मेगाहर्ट्‌झवर यायचा. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात सोडायचे आणि शेजारचं चॅनल अडवायचं, हे आधी कॉइलांची रांग करायची. माझे मामा टीव्ही दुरुस्त करायचे. प्लास्टिकचा पेचकस घेऊन त्या कॉइलांचे गाभे पाव-पाव फेरा फिरवत बसलेले ते मला अजून दिसतात. एक गाभा हलवला की शेजारच्याचं बिघडायचं. सॉ फिल्टर आला आणि ते काम संपलं, कारण छापलेली रेघ फिरवता येत नाही आणि सरकतही नाही.

७. इतक्या सारख्या अंतरावर धातूच्या पट्ट्या असतील तर लाट त्यांच्यावर आपटून परत फिरत नाही का?

फिरते. धातूचं वजन आणि धातूखाली विजेचं क्षेत्र मिटणं, या दोन कारणांनी प्रत्येक पट्टीवरून लाटेचा थोडा अंश मागे येतो. बहुधा टक्का-दोन टक्के. एकट्या पट्टीचं कोणी मनावर घेणार नाही. पण पट्ट्या अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर असतील तर शेजारच्या पट्टीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रवास बरोबर एक तरंगलांबी होतो आणि सगळ्या परावर्तित लाटा एकाच ठेक्यात येऊन मिळतात. एका पट्टीचं परावर्तन १ टक्का धरलं तर अशा ३०० पट्ट्यांवरून ९९ टक्क्यांहून जास्त लाट परत येते. भिंत उभी न करता आरसा तयार झाला.

आता अडचण बघा. प्रश्न ३ मधल्या नेहमीच्या फणीत शेजारची बोटं अर्ध्या तरंगलांबीवरच असतात. म्हणजे लाट उठवणारी फणी स्वतःच नको असलेला आरसा होते आणि प्रश्न ६ मधलं सुंदर गणित बिघडतं. उपाय मला फार देखणा वाटतो. प्रत्येक बोट दोन बोटांत फाडायचं. बोट आता तरंगलांबीचा आठवा भाग रुंद आणि शेजारचं अंतर पाव तरंगलांबी. परत यायचा प्रवास अर्धी तरंगलांबी, म्हणजे शेजारच्या दोन परावर्तनांत एक वर तर दुसरं खाली, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. किंमत एवढीच की त्याच वारंवारतेला रेघा निम्म्या रुंदीच्या छापाव्या लागतात.

टीव्हीच्या चिपमधली बोटं नीट पाहिली तर बऱ्याचदा जोडीजोडीने दिसतात. मुलांना ती छपाईतली चूक वाटते. चूक नाही.

८. मग तो आरसा कधी हवासा असतो का?

असतो, आणि तोही गाडीच्या रिमोटमध्ये. मधे एक छोटी फणी आणि दोन्ही बाजूंना शेकडो पट्ट्यांचे आरसे. लाट मधे अडकते, पुढे-मागे धावत राहते, आणि जिचा ठेका जुळतो ती एकच वारंवारता टिकते. याला रेझोनेटर म्हणतात. क्वार्ट्झवर या वारंवारतांना त्याचा क्यू, म्हणजे ठेका किती नेमका आणि किती टिकतो याचं माप, दहा हजारांच्या घरात जातो, म्हणजे नेम पक्का. एक ट्रान्झिस्टर आणि हा तीन पायांचा गोल डबा, एवढ्यात ट्रान्समीटर उभा राहतो.

आरशाच्या पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात की सुट्या ठेवाव्यात, हेही विचारतात. दोन्ही चालतं. पण जोडलेल्या आणि सुट्या पट्ट्यांचं परावर्तन सारखं नसतं, आणि ज्या वारंवारतांच्या पट्ट्यात लाट शिरतच नाही तो पट्टाही दोन्हींत थोडा वेगळ्या जागी येतो. म्हणून आराखडा करताना हे आधी ठरवतात.

९. टीव्हीत सॉ फिल्टरच्या आधी एक ट्रान्झिस्टर का असतो? काढून सरळ जोडलं तर?

जेल रोडच्या आमच्या दोघांचा प्रश्न. साधी फणी लाट दोन्ही दिशांना सोडते. निम्मी ऊर्जा उलटीकडे जाऊन प्रश्न ५ मधल्या लेपात मुरते. घेणाऱ्या फणीतही तसंच निम्मं जातं. म्हणजे सगळं उत्तम जमलं तरी सिग्नल चौथाई, ६ डेसिबल कमी.

प्रत्यक्षात मुद्दाम आणखी घट सोसतात. घेणारी फणी जितकी चांगली जुळवाल तितकी ती लाट उलट फेकते. ती लाट परत पहिल्या फणीकडे जाते, तिथून पुन्हा येते आणि तिसऱ्या प्रवासाला शेवटी बाहेर पडते. दोन फण्यांमध्ये ४ मिलिमीटर अंतर धरा, वेग सेकंदाला सुमारे ४००० मीटर. एक फेरी १ मायक्रोसेकंदाची, म्हणजे हा भुताटकी सिग्नल मूळच्यापेक्षा २ मायक्रोसेकंद उशिरा येतो. टीव्हीची एक ओळ पडद्यावर सुमारे ५२ मायक्रोसेकंदांत रेखली जाते. पडदा ५० सेंटिमीटर रुंद असेल तर प्रत्येक चेहऱ्याच्या उजवीकडे जवळपास २ सेंटिमीटरवर त्याची फिकट सावली दिसेल. फणी मुद्दाम बेजुळती ठेवली की ही सावली मरते, पण सिग्नलही दबतो. ती भरपाई आधीचा ट्रान्झिस्टर करतो. काढलात तर चित्रात मुंग्या येतील.

एकाच दिशेला लाट सोडणाऱ्या फण्याही असतात. त्यांत परावर्तक पट्ट्या फणीच्या आतच अशा जागी बसवतात की एका बाजूला लाटा मिळतात आणि दुसऱ्या बाजूला मिटतात.

१०. क्वार्ट्झ, लिथियम नायोबेट, लिथियम टँटॅलेट. कोणता कधी?

एका हाताने घेतं, दुसऱ्या हाताने देतं, असा हा व्यवहार आहे. क्वार्ट्झ तापमानाला जवळजवळ दाद देत नाही, पण वीज आणि लाट यांची देवाणघेवाण त्यात दुबळी, टक्क्याच्या आठव्या-दहाव्या भागाइतकी. म्हणून पट्टा अरुंद आणि नेम पक्का हवा तिथे क्वार्ट्झ. लिथियम नायोबेटमध्ये हीच देवाणघेवाण ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून टीव्हीसारखा रुंद पट्टा त्यावर. पण तापमानाच्या प्रत्येक अंशाला त्याची वारंवारता दहा लाखांत सुमारे ७५ भाग सरकते. लिथियम टँटॅलेट मधला, मोबाईलमध्ये खूप वापरलेला.

स्फटिक कोणत्या कोनात कापला यावर सगळं बदलतं. लिथियम नायोबेटचा १२८ अंशांचा काप प्रसिद्ध आहे. १९७६ मध्ये शिबायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुचवला, कारण त्यात आतून जाणाऱ्या नको असलेल्या लाटा फार कमी उठतात.

आपल्या गावाचा संबंध सांगते. कॅट रोडवरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लिथियम नायोबेटचे स्फटिक वाढवण्याचं काम झालेलं आहे. वितळलेल्या द्रवात बीजस्फटिक टेकवून, फिरवत, अगदी हळू वर ओढत जायचं, अशी ही रीत असते.

११. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली की रिमोट चालत नाही. सॉ सरकतो का?

सरकतो, पण दोष बहुधा त्याचा नाही. क्वार्ट्झच्या ज्या कापाबद्दल बोलतोय त्याचा तापमानाचा आलेख २५ अंशांच्या आसपास माथा असलेला उलटा वाडगा आहे. दोन्हीकडे गेलं की वारंवारता थोडी उतरते. बंद गाडीत रिमोट ७० अंशांपर्यंत तापला असं धरा. हिशोब केला तर घट दहा लाखांत सुमारे ७० भाग येते, म्हणजे ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर ३० किलोहर्ट्‌झ. साध्या रिमोटच्या रिसीव्हरला एवढं सहज पचतं. आधी सेल तपासा, मग बटणाखालचा संपर्क.

१२. सूत्राने काढलेली वारंवारता आणि मोजलेली जुळत नाही. माझं कुठे चुकलं?

बहुतेक कुठेच नाही. तुम्ही वेग उघड्या पृष्ठभागाचा घेतलात. धातूखाली विजेचं क्षेत्र मिटतं आणि तिथे लाट मंदावते. १२८ अंशांच्या लिथियम नायोबेटवर पूर्ण धातू चढवला तर वेग सुमारे पावणेतीन टक्क्यांनी उतरतो. फणीत अर्धी जागा धातूची, म्हणून साधारण त्याच्या निम्मी घट. त्यावर धातूच्या वजनाची घट वेगळी. अॅल्युमिनियम वापरण्याचं एक कारण तो हलका आहे हे आहे. सोन्याच्या जाड थराने लाट बरीच मागे खेचली जाते.

या मंदावण्यावरूनच देवाणघेवाणीचं माप काढतात. उघड्या आणि मढवलेल्या पृष्ठभागांच्या वेगांतला फरक घ्यायचा, वेगाने भागायचा आणि दुप्पट करायचा. प्रश्न १० मधले ५ टक्के ते हेच.

१३. मल्टिमीटरने सॉ फिल्टर तपासता येतो का?

अर्धवट. फणी म्हणजे विजेच्या दृष्टीने छोटा कपॅसिटर, तेव्हा दोन टोकांत मीटर काहीच दाखवणार नाही. ते ठीक. शॉर्ट दाखवला तर फिल्टर गेला, हे नक्की. पण ‘ओपन’ दाखवला म्हणून चांगला, असं म्हणता येत नाही. आतली तार सुटली असली तरी मीटर तेच सांगेल.

गरम हवेने काढताना घाई करू नका. लिथियम नायोबेट आणि टँटॅलेट एकदम तापले की त्यांच्या पाठीवर वीजभार जमतो आणि फटीत ठिणगी उडून बोटं जळू शकतात. याच त्रासापायी कारखान्यांत मुद्दाम काळपट केलेल्या चकत्या वापरतात. रासायनिक प्रक्रियेने त्यांतून वीज किंचित वाहू लागते आणि भार साचत नाही.

१४. रिमोट पाण्यात पडला. सॉ खराब झाला असेल?

डबा हवाबंद असतो, त्यामुळे बहुधा नाही. बोर्ड वाळवा. डबा फुटून थेंब आत गेला असेल तर मात्र काम थांबणार, कारण वर-खाली हलणारा पृष्ठभाग पाण्यात आपली ऊर्जा ओतून देतो. लिथियम नायोबेटवर पाण्याचा थेंब ठेवला तर लाट त्यात सुमारे २२ अंश तिरकी शिरते. जोर पुरेसा असेल तर थेंब सरकतो, आणखी वाढवला तर त्याचं तुषारात रूपांतर होतं. रक्ताचे किंवा रसायनांचे बारीक थेंब चिपवर हलवायला ही युक्ती प्रयोगशाळांत वापरतात.

द्रवात मोजमाप करायचं असेल तर आडवी हलणारी लाट वापरावी लागते. ती पाण्याला ढकलत नाही, नुसती घासत जाते. वायू ओळखण्याचं काम रॅले लाटेलाही जमतं. पृष्ठभागावर विशिष्ट वायू शोषणारा पातळ थर दिला की वायू चिकटल्यावर वजन वाढतं, लाट मंदावते आणि वारंवारता सरकते. दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीत या तत्त्वावर वायू हुंगणारं यंत्र केलं गेलं, नाव ई-नासिका.

१५. माझ्या मोबाईलमध्ये असे किती, आणि ते टीव्हीसारखेच असतात का?

प्रत्येक बँडला आपापले फिल्टर, म्हणून आजच्या फोनमध्ये त्यांची संख्या डझनांत जाते. घडण मात्र वेगळी. टीव्हीतली १५-२० डेसिबलची घट फोनला परवडत नाही, बॅटरी संपेल आणि दूरचा टॉवर ऐकू येणार नाही. म्हणून प्रश्न ८ मधले रेझोनेटर शिडीसारखे जोडतात. काही आडव्या ओळीत, काही जमिनीकडे, आणि त्यांच्या वारंवारता किंचित सरकवून मधे पट्टा तयार करतात. घट दोन-तीन डेसिबलवर येते.

जीएसएम ९०० या मोबाईल बँडमध्ये फोन ८९० ते ९१५ वर बोलतो आणि ९३५ ते ९६० वर ऐकतो. मधे फक्त २० मेगाहर्ट्‌झची मोकळी जागा. तुमचा स्वतःचा आवाज तुमच्याच कानात ओरडू नये, हे काम या चिमुकल्या शिडीचं.

त्याशिवाय दोन अडचणी आहेत. वारंवारता वाढली की बोटं बारीक होतात, २ गिगाहर्ट्‌झला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. आणि बोलण्याच्या बाजूला ताकद जास्त, त्यामुळे सेकंदाला अब्जावधी वेळा ताणल्या-दाबल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियमचे कण जागचे सरकतात, कुठे खड्डा, कुठे गाठ, शेवटी शॉर्ट. म्हणून त्यात थोडं तांबं मिसळतात. तापमानासाठी वर सिलिकाचा थर देतात. तापल्यावर बहुतेक पदार्थ मऊ होतात, सिलिका उलट ताठ होतो, आणि दोघांचं मिळून जमतं. २.५ गिगाहर्ट्‌झच्या वर बऱ्याच ठिकाणी पृष्ठभाग सोडून पातळ पडद्याच्या जाडीतून जाणारी लाट वापरतात. तो वेगळा विषय.

१६. काच दाबविद्युत नाही. मग सॉ टचस्क्रीन कसा चालतो?

लाट धावायला पदार्थ दाबविद्युत असायलाच हवा, असा नियम नाही. उठवायला आणि घ्यायला हवा. टचस्क्रीनच्या कोपऱ्यांत दाबविद्युत तुकडे चिकटवलेले असतात, लाट साध्या काचेवरून जाते, आणि कडेने ४५ अंशांत छापलेल्या परावर्तक रेघा तिला पडद्यावर आडवं वळवतात. तुमचं मऊ बोट टेकतं तिथे ती शोषली जाते. त्या वेळचा सिग्नल खचतो आणि वेळेवरून जागा कळते. नखाने किंवा नाण्याने दाबलं तर नीट चालत नाही ते यामुळेच. कठीण वस्तू लाट पुरेशी शोषत नाही.

१७. एका चिपवर मधोमध अशा पट्ट्या होत्या की ज्या कुठल्याच तारेला जोडलेल्या नव्हत्या. त्या कशासाठी?

छान पाहिलंत. एक लाटेची वाट, दुसरी शेजारची रिकामी वाट, अशा दोन्ही वाटांवरून आडव्या पसरलेल्या त्या पट्ट्या. एका वाटेवरच्या लाटेने पट्टीवर व्होल्टेज येतं, पट्टी ते शेजारच्या वाटेवर नेते आणि तिथे नवी लाट उठते. पट्ट्यांची संख्या नेमकी ठेवली तर सगळीच्या सगळी लाट शेजारच्या वाटेवर उडी मारते. आतून जाणाऱ्या नको असलेल्या लाटा उडी मारू शकत नाहीत, त्या सरळ जाऊन वाया जातात. शिवाय माशांच्या आकाराच्या दोन फण्या एकमेकींसमोर थेट ठेवता येत नाहीत, कारण गुंतण्याचा हिशोब एकमेकींत मिसळतो. मधे या पट्ट्या घातल्या की दोन्ही चालतात. मार्शल आणि पेज यांनी ही कल्पना १९७१ मध्ये मांडली.

१८. घरी असं काही करून पाहता येईल का?

टीव्हीच्या वारंवारतेचं नाही, कारण २५ मायक्रॉनच्या रेघा घरच्या अॅसिडच्या तबकात निघत नाहीत. पण वारंवारता खाली आणा. लिथियम नायोबेटवर तरंगलांबी १ मिलिमीटर घेतली तर वारंवारता ४ मेगाहर्ट्‌झच्या जवळ येते आणि बोट पाव मिलिमीटर रुंद होतं. एवढं साध्या पीसीबीवर कोरता येतं. फणी पीसीबीवर कोरायची आणि स्फटिकाच्या चकतीवर तांब्याची बाजू खाली करून घट्ट दाबून धरायची. धातू चढवलेल्या फणीपेक्षा लाट दुबळी निघते, पण दुसऱ्या टोकाला तशीच फणी दाबून ऑसिलोस्कोपवर ती दिसते. दोन फण्यांतलं अंतर बदला आणि सिग्नल किती उशिरा येतो ते मोजा. भागाकार केला की लाटेचा वेग तुमच्या स्वतःच्या हाताने निघतो.

चकतीच्या सपाट कडेवरून लाटेची दिशा ओळखा आणि फणीची बोटं त्या दिशेला काटकोनात बसवा. कोन चुकला तर लाट तिरकी सरकते आणि दुसऱ्या फणीला चुकवून निघून जाते. आमचा पहिला रविवार नेमका त्यातच गेला.